सीमाभागात उजव्या विचारांच्या पक्षाचं सदस्य होताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि तिकडे बिदरच्या बाजूला भालकी, बसवकल्याण. या पट्ट्यात धर्म, परंपरा आणि राष्ट्र यांना पहिलं स्थान देणारा मोठा पक्ष म्हणजे भारतीय जनता पक्ष. त्यामुळे खालचा तपशील त्याच पक्षाच्या रचनेला धरून आहे. सामील व्हा किंवा होऊ नका असं सांगण्याचा इथे हेतू नाही. सही करण्याआधी काय माहीत असावं, एवढंच इथे सांगितलं आहे.

सदस्य होणं म्हणजे नेमकं काय मान्य करणं?

पक्षाच्या घटनेनुसार वय १८ पूर्ण हवं, भारतीय नागरिकत्व हवं आणि इतर कोणत्याही राजकीय पक्षाचं सदस्यत्व नसावं. सदस्य जे प्रतिज्ञापत्र देतो त्यात दोन गोष्टी येतात. एक, एकात्म मानववाद, जो दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतल्या चार व्याख्यानांत मांडला. दुसरी, पंचनिष्ठा: राष्ट्रवाद व राष्ट्रीय एकात्मता, लोकशाही, सर्वधर्मसमभाव, मूल्याधिष्ठित राजकारण आणि शोषणमुक्त समाजासाठी गांधीवादी दृष्टी. शेवटचा मुद्दा ऐकून नवे कार्यकर्ते चकित होतात, पण १९८० साली पक्ष स्थापन झाला तेव्हापासून गांधींचं नाव तिथे आहे.

सदस्य होण्यासाठी मिस्ड कॉल देणाऱ्या शंभरातले दोन-चार जणसुद्धा हे वाचत नसतील. निदान पंचनिष्ठांचं पान तरी वाचा, जेमतेम पाच मिनिटं लागतात. त्यात भाषा, प्रांत किंवा सीमा यांवर एक ओळही नाही, हे वाचल्याशिवाय लक्षात येत नाही.

घरात देवधर्म, शिवजयंतीला भगवा, गोरक्षणाला पाठिंबा. मग आम्ही आपोआप याच पक्षाचे ना?

पुण्यात किंवा सोलापुरात बहुधा असं गृहीत धरलं जाईल. इथे धरता येत नाही. परंपरा मानणाऱ्या मराठी माणसाला सीमाभागात दोन घरं आहेत, एक राष्ट्रीय पक्ष आणि दुसरं महाराष्ट्र एकीकरण समिती, म्हणजे हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी संघटना. वैशाखात बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत दोन्हीकडची मंडळी एकाच गाड्याला खांदा लावतात. देव, धर्म, शिवराय यांवर भांडण नाही. भांडण क्रमाचं आहे, म्हणजे आधी धर्म आणि देश की आधी भाषा आणि भूमी.

तोच मतदार दोन्हीकडे कसा जातो ते २०२१ मध्ये दिसलं. बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या पाठिंब्यावरच्या उमेदवाराला एक लाखाहून जास्त मतं पडली आणि भाजपची जागा जेमतेम सव्वापाच हजारांच्या आसपास फरकाने वाचली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हावर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या. निवडून आलेल्यांत मराठी नगरसेवकांची संख्या चांगली होती. म्हणजे परंपरावादी मराठी मत कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेलं नाही.

सीमाप्रश्नावर पक्षाची भूमिका काय?

कोणत्या राज्यातल्या पक्षाची, हे आधी ठरवा.

डिसेंबर २०२२ ची घडामोड लक्षात ठेवा. कर्नाटकात तेव्हा भाजपचे बसवराज बोम्मई मुख्यमंत्री होते, महाराष्ट्रात भाजप शिंदे गटाबरोबर सत्तेत होता आणि दिल्लीतही सरकार पक्षाचंच होतं. १४ डिसेंबरला गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं. त्यानंतर बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या अधिवेशनात कर्नाटकाने एक इंचही जमीन देणार नाही असा एकमुखी ठराव केला. २७ डिसेंबरला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावं मिळवण्यासाठी ठराव केला, तोही एकमुखी. एकाच पक्षाच्या आमदारांनी पंधरवड्याच्या आत दोन विरुद्ध ठरावांना हात वर केले. काँग्रेसच्या आमदारांनीही दोन्हीकडे तेच केलं, म्हणून हे एका पक्षाचं पाप म्हणता येत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की तुम्ही बेळगावात सदस्य होता ते कर्नाटक प्रदेशाच्या शाखेत. कर्नाटक प्रदेशाची भूमिका म्हणजे सीमावादावरचा महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल अंतिम. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा घातला आहे, त्यात तुमच्या प्रदेश शाखेची सहानुभूती कर्नाटकाकडे असणार हे धरून चाला. कोल्हापूरचा कुणी नेता प्रचाराला येऊन ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ म्हणाला, तर टाळ्या जरूर वाजवा. पण मतदान होईपर्यंत तो सीमाप्रश्नावर एक शब्द बोलणार नाही, आणि बोललाच तर दुसऱ्या दिवशी बेंगळूरहून खुलासा येईल.

सीमाप्रश्न ज्याच्या मनात पहिला आहे, त्याने या पक्षात जाऊन तो सुटेल अशी आशा धरू नये. ज्याच्या मनात तो तिसरा-चौथा आहे, त्याची या बाबतीत फार कुचंबणा होत नाही.

समितीचं काम आणि पक्षाचं सदस्यत्व एकत्र चालेल का?

समितीचे उमेदवार अपक्ष म्हणून लढतात. त्यामुळे ‘दुसऱ्या पक्षाचा सदस्य’ या कलमात तुम्ही बसता की नाही यावर वाद घालता येईल. पण अधिकृत उमेदवाराविरुद्ध प्रचार करणं हा पक्षघटनेप्रमाणे शिस्तभंग आहे, आणि तिथे वाद घालायला जागा नाही.

१७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला सदस्य जातात, त्यावरून सहसा कुणी नोटीस काढत नाही. १ नोव्हेंबरची गोष्ट वेगळी. त्या दिवशी समितीचा काळा दिन आणि कर्नाटकाचा राज्योत्सव एकाच शहरात असतात. साधा सदस्य घरी बसू शकतो. पदाधिकारी असाल तर राज्योत्सवाच्या कार्यक्रमाला बोलावणं येतं आणि लाल-पिवळ्या झेंड्याखालचा फोटो संध्याकाळपर्यंत गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. पद घेण्याआधी हा दिवस डोळ्यासमोर आणा.

सदस्य कसं व्हायचं आणि फॉर्म कुठे अडतो?

शेवटची मोठी मोहीम २ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. पक्षाची सदस्यता साधारण सहा वर्षांची असते, म्हणून जुन्या सदस्यांनाही पुन्हा नोंदवावं लागलं. मिस्ड कॉल, क्यूआर कोड, पक्षाची वेबसाइट आणि ॲप असे मार्ग होते. कोणताही घ्या, पुढे मोबाइलवर ओटीपी, मग नाव, जन्मतारीख, पत्ता, विधानसभा मतदारसंघ आणि बूथ हेच भरायचं असतं.

अडचणी ठरलेल्या आहेत. काहींचं सिम चंदगड किंवा कोल्हापूरला घेतलेलं असतं आणि घाईत राज्य महाराष्ट्र निवडलं जातं. मग नाव तिकडच्या मंडलाच्या यादीत जातं आणि इथे बैठकीचा निरोप येत नाही. खानापूरचे लोक बेळगाव लोकसभेखाली आपला मतदारसंघ शोधत बसतात, तो तिथे सापडत नाही, कारण खानापूर आणि कित्तूर उत्तर कन्नड लोकसभेत आहेत. बूथचे क्रमांक मतदान केंद्रांच्या फेररचनेत बदलतात, तेव्हा जुनी स्लिप पाहून क्रमांक भरू नका. मतदार ओळखपत्रावरची तीन अक्षरं आणि सात आकडे टाकून निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. कन्नडमध्ये नोंदलेलं नाव शोधताना स्पेलिंगचा घोळ होतो, क्रमांकाने होत नाही.

आणखी एक. योजनेच्या शिबिरात किंवा आरोग्य तपासणीच्या मांडवात कुणी ओटीपी मागितला तर कशाचा आहे ते विचारा. आपण सदस्य झालो हे कित्येकांना अभिनंदनाचा मेसेज आल्यावर कळतं.

प्राथमिक आणि सक्रिय सदस्य यांत फरक काय?

प्राथमिक सदस्याचं नाव यादीत असतं. संघटनेची निवडणूक लढवायला किंवा वरच्या समितीवर जायला सक्रिय सदस्यता लागते. २०२४ च्या मोहिमेत त्यासाठी ५० सदस्य नोंदवणं आणि १०० रुपये भरणं ही अट होती. ५० हा आकडा कागदावर लहान वाटतो. एका गल्लीत जास्तीत जास्त वीस-पंचवीस नावं मिळतात, पुढची नावं नातेवाइकांची भरली जातात आणि पडताळणीचा फोन गेला की ‘मी कुठे झालो?’ असं उत्तर येतं.

बूथचं काम म्हणजे दिवसभर काय करायचं?

या पक्षाचा खरा कणा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. रचना खालून वर अशी: पानप्रमुख, बूथ समिती, काही बूथ मिळून शक्तिकेंद्र, मग मंडल आणि जिल्हा. बेळगाव जिल्ह्यात १८ विधानसभा मतदारसंघ आहेत आणि पक्षाने संघटनेसाठी जिल्ह्याचे महानगर, ग्रामीण आणि चिक्कोडी असे तीन भाग पाडले आहेत.

मतदार यादीच्या एका पानावर ३० नावं असतात, पाठपोट धरली तर ६०. एका मतदान केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार ठेवण्याचं आयोगाचं धोरण आहे. भरलेल्या केंद्राची पानं होतात ४०, म्हणजे पाठपोट कागद दिला तरी २० पानप्रमुख लागतात. निम्म्या बूथवर ते फक्त तक्त्यात असतात. जिथे खरे आहेत तिथे ते पानावर तीन खुणा करतात: आपला, विरोधी, कुंपणावरचा. त्याशिवाय मयत, स्थलांतरित आणि दुबार नावं वेगळी काढायची.

सीमाभागात दुबार नावांचं कारण बहुतेक सोयरिक असतं. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याची मुलगी हिंडलगा किंवा उचगावला सून म्हणून येते आणि माहेरचं नाव तसंच राहतं. इथे नवा ६ नंबरचा अर्ज भरून देणं ही सर्रास होणारी चूक. ६ नंबर पहिल्यांदा नाव घालणाऱ्यासाठी आहे, राहण्याचं ठिकाण बदललं की ८ नंबर. आधीचं नाव लपवून ६ नंबरवर सही केली तर ते खोटं निवेदन ठरतं आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. सही सुनेची असते, अर्ज भरून देणारा कार्यकर्ता नामानिराळा राहतो.

नाव वगळण्याच्या ७ नंबरबद्दल तर जास्तच जपून. वरून याद्या येतात, ‘हे विरोधी मतदार, अर्ज टाका’. ज्याची खात्री स्वतः केली नाही त्यावर सही करू नका, तिथेही तेच कलम लागतं. पक्षाने नेमलेला बूथस्तरीय प्रतिनिधी एरवी दिवसाला १० पर्यंत अर्ज एकत्र देऊ शकतो, एकूण ३० च्या वर गेले की अधिकाऱ्याला फेरतपासणी करावी लागते. १८ पूर्ण होणाऱ्यांसाठी आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. कॉलेजच्या पोरांना हे सांगितलं तरी बूथवर दहा-बारा नवी नावं सहज वाढतात.

मतदानाच्या दिवशी केंद्रात बसायचं आहे. कशावर लक्ष ठेवू?

नेमणूक उमेदवाराच्या सहीच्या १० नंबरच्या फॉर्मवर होते. त्याच केंद्राचा मतदार असाल तर उत्तम, कारण माणसं ओळखता येतात. प्रत्यक्ष मतदानाच्या ९० मिनिटं आधी पोचा, तेव्हा चाचणी मतदान असतं आणि किमान ५० मतं टाकून पाहतात. त्यानंतर यंत्र ‘क्लिअर’ केलं का आणि व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील केल्या का, या दोन गोष्टी डोळ्यांनी बघूनच सही करा. क्लिअर करायचं राहिलं की मोजणीला आकडे जुळत नाहीत आणि खापर सगळ्यांवर फुटतं.

संध्याकाळी १७-सी फॉर्मची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. एकूण किती मतं पडली याचा तो एकमेव सही-शिक्क्याचा कागद तुमच्या हातात राहतो. दमलेले प्रतिनिधी ‘नंतर घेऊ’ म्हणून जातात, नंतर तो मिळत नाही.

बैठका कन्नडमध्ये होतात. मराठी माणसाची अडचण होते का?

होते. बूथ आणि शक्तिकेंद्राच्या पातळीवर शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरकडे मराठीतच बोलणं चालतं. जिल्ह्याला गेलात की कन्नड आणि प्रदेशाचं पत्र आलं तर तेही कन्नड. वाचता येत नसेल तर परिपत्रकातली तारीख चुकते आणि ‘मराठी कार्यकर्ते शिस्त पाळत नाहीत’ असा शेरा बसतो. कन्नड वाचायला शिकणं हा त्यावरचा साधा उपाय आहे, त्याने मराठीपण कमी होत नाही.

निवडणुकीत मात्र मराठी पत्रकं भरपूर निघतात. ती कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला छापून आणली तरी मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापावाच लागतो. प्रकाशकाच्या प्रतिज्ञापत्राची प्रत पत्रक ज्या जिल्ह्यात छापलं तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे जाते, म्हणजे या बाबतीत कोल्हापूरच्या. स्थानिक कार्यकर्ते ती बेळगावला पाठवून मोकळे होतात आणि तक्रार झाली की अडकतात.

पक्षात राहून मराठीसाठी काही मागता येतं का?

येतं, मागणी नेमकी असेल तर. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो, आणि ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीबद्दल आहे. आपल्या नगरसेवकाकडे किंवा आमदाराकडे ‘मराठीवर अन्याय’ असं मोघम निवेदन नेलं तर फोटो निघतो, बाकी काही होत नाही. अमुक गावच्या मराठी शाळेत अमुक शिक्षक कमी आहेत, असा एका पानाचा अर्ज तारखेसह नेला तर आवक क्रमांक मिळतो आणि महिन्याभराने पाठपुरावा करता येतो.

मर्यादाही ओळखा. कन्नड भाषा सर्वंकष विकास कायदा भाजप सरकारच्या काळात फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर झाला, आणि फलकावर ६० टक्के कन्नडची दुरुस्ती काँग्रेस सरकारने २०२४ मध्ये केली. याच्या उलट बाजूला, नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाचे भाजपचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी मराठा विकास प्राधिकरण आणि ५० कोटी जाहीर केले, तेव्हा कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर होती, हा निव्वळ योगायोग मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा. समाज म्हणून मागायचं तर गणित आणखी नाजूक, कारण कर्नाटकात मराठा आणि वीरशैव-लिंगायत दोघेही आरक्षणाच्या एकाच ३-बी प्रवर्गात आहेत आणि पक्षाचा इथला मुख्य आधार लिंगायत आहे.

सरकारी नोकरी आहे. सदस्य होऊ शकतो का?

नाही. कर्नाटकाचे २०२१ चे वर्तणूक नियम आणि केंद्राचे १९६४ चे नियम, दोन्हींत पक्षाशी संबंध ठेवायला मनाई आहे. केंद्राच्या नियमात तर अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणंही वजन वापरण्यात धरलं आहे. मुलगा कार्यकर्ता असेल तर झेंडा वडिलांच्या स्कूटरला लावू नये. सरकारी नोकराने मतदान प्रतिनिधी म्हणून बसणं हा तर गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सहकारी पतसंस्था किंवा खासगी कारखान्यातल्या लोकांनी आपापले सेवानियम पाहावेत.

पक्षाचा सदस्य असून घरात गृहलक्ष्मीचे २,००० रुपये घेतले तर?

बिनदिक्कत घ्या. योजना काँग्रेस सरकारची असली तरी पैसा राज्याच्या तिजोरीतला आहे, आणि पात्रतेच्या अटींत पक्ष कुठेच येत नाही. फुकट वाटपावर टीका करणारा कार्यकर्ता बायकोचा हप्ता आला का ते बँकेत विचारत उभा असतो, यावर गल्लीत विनोद होतात, ते ऐकून घ्यावेत.

देणगी आणि वर्गणी कशी द्यावी?

पक्ष २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख घेऊ शकत नाही. त्यावरची रक्कम चेक किंवा ऑनलाइन, पक्षाच्या खात्यात, आणि पावती पक्षाच्या नावाची. स्थानिक नेत्याच्या खात्यावर यूपीआय केलेले पैसे पक्षाला दिले असं होत नाही. रोखीवर करसवलत नाही आणि नव्या करप्रणालीत ती अजिबातच नाही.

तिकीट मिळण्यासाठी काय लागतं?

संघटनेत किती वर्षं झिजलात यापेक्षा जात, पैसा आणि आरक्षणाची सोडत जास्त ठरवते. कर्नाटकाच्या नागरी संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, त्यामुळे वॉर्ड फिरला की कार्यकर्त्याची पत्नी रातोरात उमेदवार होते. विधानसभेला अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी, खर्चाची मर्यादा ४० लाख. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा. बी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, शाईच्या सहीचा मूळ कागद हवा आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला पाहिजे. झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवरची प्रत चालत नाही. बंडखोरी टाळायला पक्ष तो शेवटच्या तासापर्यंत दाबून ठेवतात, आणि बेंगळूरहून निघालेली गाडी धारवाडजवळ अडकली तर उमेदवार अपक्ष ठरतो, आणि दहा सूचक नसतील तर अर्जच बाद होतो.

ग्रामपंचायतीलाही पक्ष असतो का?

कायद्याने नाही. कर्नाटकात ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवत नाहीत, त्यामुळे ‘आमच्या इतक्या पंचायती’ हे निकालानंतरचे आकडे सगळे पक्ष आपापल्या सोयीने सांगतात. महापालिका, नगरपालिकेत मात्र पक्षांतरबंदी लागू आहे आणि व्हीप मोडला तर पद जाऊ शकतं.

संघाच्या शाखेत जावंच लागतं का?

नाही. संघ वेगळी संस्था आहे, तिची सदस्यता नोंदणी नसते आणि पक्षाच्या अर्जात तिचा उल्लेख नाही. पण पक्षाचे संघटनमंत्री संघातून येतात आणि शाखेतून आलेल्याला चाचपडावं लागत नाही, हेही खरं.

पटत नसेल तर बाहेर कसं पडायचं?

मंडल अध्यक्षांच्या नावे दोन ओळींचं पत्र द्या: नाव, सदस्य क्रमांक, तारीख, राजीनामा. कारण लिहिण्याची सक्ती नाही. पोच घ्या, किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती ठेवा. नुसते व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलेले लोक पुढे दुसऱ्या पक्षात गेले की ‘अजून आमच्या यादीत आहेत’ असं ऐकावं लागतं. सहा वर्षांची मुदत संपू दिली तरी नाव गळतं. निवडून आलेल्यांनी मात्र राजीनाम्याआधी वकिलाला विचारावं, कारण स्वेच्छेने पक्ष सोडणं हेच अपात्रतेचं कारण आहे.